जुन्या नाट्यगृहात मैफल ऐकायची तर खुर्ची नीट निवडा
डागडुजी होऊन पुन्हा उघडलेल्या जुन्या नाट्यगृहाचं तिकीट काढताना नुसती पुढची रांग बघू नका. यातली बरीच सभागृहं घोड्याच्या नालेच्या आकाराची असतात आणि दुरुस्तीतही तो घाट तसाच ठेवतात. व्हेनिसचं ला फेनिचे हे ऑपेरागृह १९९६ला जळलं, २००३ला उघडलं ते जुन्याच रूपात. कडेच्या बॉक्समध्ये, म्हणजे भिंतीलगतच्या छोट्या वेगळ्या कप्प्यांत, रुबाब भरपूर, पण निम्मा रंगमंच दिसतच नाही! बाल्कनीखालच्या अगदी मागच्या रांगांत आवाज दबका येतो, कारण वरच्या छतावरून परतणारा नाद तिथवर नीट पोचत नाही. माझी पसंती बाल्कनीतल्या मधल्या खुर्च्यांना, दुसऱ्या रांगेत. पहिल्या रांगेत कठडा डोळ्यांसमोर येऊ शकतो. खांब कुठे आहेत तेही नकाशात बघा. मनगटाएवढा लोखंडी खांबसुद्धा नेमका गायकाच्या तोंडावर येतो.

नूतनीकरणात सोनेरी मुलामा परत चढतो, गुडघ्यांना जागा मात्र वाढेलच असं नाही. उंच असाल तर रांगेच्या टोकाची खुर्ची घ्या. लिफ्ट वरच्या मजल्यापर्यंत जाते का, हे फोन करून विचारा. आणि अर्धा तास आधी पोचा, म्हणजे दिवे मंदावण्यापूर्वी मान वर करून छत निवांत बघता येईल.