ऊस वाहतुकीसाठी जुना ट्रॅक्टर घेताना

जुना ट्रॅक्टर बघायला गेलं की सगळे आधी बॉनेट उघडतात. नांगरटीसाठी घेत असाल तर ठीक आहे. दोन ट्रॉल्या ओढायच्या असतील तर आधी मागच्या बाजूला जा. ट्रॉल्यांना बहुतेक वेळा स्वतःचा ब्रेक नसतो. दोन्ही भरल्या की 20 टनांच्या आसपासचा भार एकट्या ट्रॅक्टरने ओढायचा आणि उतारावर त्यानेच थांबवायचा. म्हणून वाहतुकीच्या ट्रॅक्टरचा क्लच, ब्रेक, ट्रॉली जोडायचा हूक आणि मागचं हाउसिंग (गिअर आणि एक्सलची ओतीव पेटी) आधी जातं. इंजिनाचं काम तालुक्याच्या ठिकाणी कुठेही होतं. तडकलेलं हाउसिंग मात्र वेल्डिंग करून टिकत नाही.

डबल ट्रॉलीला 50 एचपीच्या आसपासचा किंवा वरचा ट्रॅक्टर बघा. स्वराज 855, न्यू हॉलंड 3630, जॉन डिअर 5310 हे याच कामात जास्त दिसतात. महिंद्रा 575 डीआय 45 एचपीचा आहे. सपाटीला एका ट्रॉलीला उत्तम, चढाच्या रस्त्याला दोन ट्रॉल्या लावल्या की त्याचा क्लच लवकर संपतो. 1 जानेवारी 2023 पासून 50 एचपीवरच्या नव्या ट्रॅक्टरना ट्रेम-4 चे, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे, नियम लागू झाले. त्याआधीच्या बहुतेक ट्रॅक्टरना डिझेल फवारणारा साधा पंप-नोझल आहे, तो गावातला मिस्त्री खोलू शकतो. त्यामुळे वापरलेल्यात घ्यायचा तर 2022 पर्यंतचा सोयीचा. खरेदी गाळप संपल्यावर, एप्रिल-मेमध्ये करावी. दिवाळीच्या तोंडावर ऊसतोडीच्या टोळ्या ठरू लागल्या की भाव चढतात.

मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, ट्रॅक्टर चालू करून ठेवू नका. गेल्यावर इंजिनाच्या ब्लॉकला हात लावा. गरम लागलं तर परत जा, दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन किती सेल्फ घेतं यावर कंप्रेशन (सिलिंडरमधला दाब) कळतं.

आता हूक. पिन काढा आणि भोक बघा. गोल असलेलं भोक ओढून ओढून मागच्या बाजूला लांबट होतं. नवी पिन घालून हलवली आणि ती खडखडली तर हूक बदलायचा खर्च धरा. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे हूक जिथे हाउसिंगला बोल्टने बसतो ती जागा. तिथे वेल्डिंगचा थर, नवाच रंग किंवा चारांपैकी दोनच बोल्ट चकचकीत दिसले तर शंका घ्या. तड डोळ्याला दिसत नाही, म्हणून ती जागा तारेच्या ब्रशने घासा, रॉकेल किंवा डिझेल लावा, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा आणि वर पांढरा खडू घासा. थोडा वेळ थांबा. तड असेल तर आत शिरलेलं तेल खडूवर ओली रेघ उमटवतं. गिअरबॉक्स आणि मागचं हाउसिंग जुळतात त्या सांध्यालाही हेच करा. विक्रेता नको म्हणाला तर तो ट्रॅक्टर सोडून द्या.

गिअरबॉक्सच्या ड्रेन प्लगमधून वाटीभर ऑइल काढून घ्या. बोटावर चोळल्यावर करडी मऊ राख लागली तर ती नेहमीची झीज. चकाकणारे कण किंवा पापुद्रे आले तर दाते किंवा बेअरिंग झिजत चाललं आहे. ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय.

क्लच तपासायची जागा मोकळी, सपाट आणि समोर माणूस नसलेली हवी. ब्रेक पूर्ण दाबा, वरचा गिअर टाका, थोडी रेस देऊन क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच धरतोय. इंजिन फिरतच राहिलं तर प्लेट संपली आहे. ती बदलायला ट्रॅक्टर मधोमध सोडवून इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करावे लागतात, म्हणजे सामानाइतकीच मजुरीही लागते. किंमत ठरवताना हे मोजून घ्या.

ब्रेकच्या दोन्ही पेडलांची कडी लावून साधारण 15-20 किमी वेगात एकदा दाबा. ट्रॅक्टर सरळ रेषेत थांबला पाहिजे. एका बाजूला ओढला तर त्याच्या विरुद्ध बाजूचा ब्रेक कमी पकडतोय. ड्राय ब्रेक (ऑइलमध्ये न बुडालेले) असतील तर मागच्या एक्सलचं सील गळून ऑइल डिस्कवर आलेलं असतं. चाकाच्या आतल्या बाजूला ओला काळा थर दिसतो. नुसती डिस्क बदलून भागत नाही, आधी सील बदला.

इंजिनाकडे आता. गरम झाल्यावर ऑइल भरायचं झाकण काढा: हलका धूर चालतो, भट्टीसारखा भकाभका आला तर लायनर-पिस्टनचं काम आहे. सायलेन्सरचा निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. ओझ्यावर काळा धूर म्हणजे आधी एअर फिल्टर, मग नोझल-पंप बघा. रेडिएटर थंड असताना झाकण काढून सुरू करा. सतत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधला थर) गेलंय. तासांच्या मीटरवर भरवसा ठेवू नका, तो बंद पडलेला किंवा बदललेला सर्रास असतो. पेडलांची झिजलेली रबरं आणि सीट जास्त खरं सांगतात.

पुढचं चाक जॅकवर उचलून वरून-खालून हलवा. कारमध्ये खेळ जाणवला तर एकजण ब्रेक दाबून धरतो. तरीही हलत असेल तर दोष किंगपिन-बुशचा (चाक ज्यावर वळतं ती खीळ आणि तिचं अस्तर), थांबलं तर बेअरिंगचा. हा नियम इथे चालत नाही, कारण पुढच्या चाकाला ब्रेकच नसतो. म्हणून हबपाशी हात लावून नेमकं काय हलतंय ते पाहा. मागचे टायर डांबरीवर मध्यभागी गुळगुळीत होतात. नव्या जोडीचा भाव आधीच विचारून ठेवा.

शेवटी भरलेली ट्रॉली लावून एखाद्या चढावर न्या. रिकामा ट्रॅक्टर पळवून काहीच कळत नाही. चढाला गिअर आपोआप निसटला, मागून घरघर आली किंवा पुढचं चाक हलकं झालं, तर लक्षात घ्या.

कागदांत चॅसिस व इंजिन नंबर आरसीशी जुळवा. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, तिची आरसीही मागा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बोजा उतरवायचा फॉर्म 35 आणि बँकेचं ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. हस्तांतरणाला फॉर्म 29 आणि 30 लागतात. ट्रॅक्टर 15 वर्षांचा होत आला असेल तर नोंदणीचं नूतनीकरण कोणाच्या खर्चाने, हे आधी ठरवा. विमा शेतीवापराचा असेल तर भाड्याच्या वाहतुकीत दावा अडू शकतो. ऊस ओढण्याआधी विमा कंपनीकडून वापर बदलून घ्या.