टेक्निकल डायव्हिंगचा इन्स्ट्रक्टर शोधताय? मी केलेल्या या चुका टाळा

कट्ट्यावर मी पहिल्यांदा बोललो की मला टेक्निकल डायव्हिंगचा कोर्स करायचाय, तर मित्र म्हणाला, "आयर्विन पुलावरनं मार की उडी, फुकटात हाय." आता सांगलीकराला पाण्याची भीती काय घालणार, आम्ही पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलून दिलेली माणसं. पण हीच मस्ती मला नडली. पोहायला येतंय, दोन-तीनदा स्कुबा झालंय, मग आता फक्त इन्स्ट्रक्टर गाठायचा आणि पैसे भरायचे, एवढंच डोक्यात होतं.

आधी भानगड काय आहे ते बघा. साध्या स्कुबात ४० मीटर ही शेवटची हद्द, आणि काही बिघडलंच तर सावकाश का होईना सरळ वर येता येतं. टेक्निकलमध्ये तसं नसतंय. खोलवर जास्त वेळ थांबलं की अंगात नायट्रोजन मुरतो, तो हळूहळू बाहेर पडावा म्हणून वर येताना ठरलेल्या खोलीवर ठरलेली मिनिटं थांबावंच लागतं, नाहीतर बेंड्स, म्हणजे अंगात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन जडणारा आजार. म्हणजे रेग्युलेटर (तोंडात धरून ज्यातनं श्वास घ्यायचा ते) बिघडो, मास्क निघो नाहीतर लाईट जावो, जे काय असेल ते तिथंच, पाण्यातच निस्तरायचं. आणि हे निस्तरायला जो शिकवणार त्याला आपण निवडतो कसं? इन्स्टावरचे रील बघून.

तारकर्लीचा फोटो म्हणजे अनुभव नव्हे

तिकडं जो डेमो असतो त्यात एक पोरगा मागनं तुमची टाकी धरून तुम्हाला फिरवतो, तुम्ही श्वास घ्यायचा आणि कॅमेऱ्याकडं बघून अंगठा दाखवायचा. (पाण्यात अंगठा वर म्हणजे "चला वर", "लय भारी" नव्हे, हे मला साधा स्कुबा कोर्स करताना कळलं. म्हणजे माझ्या पहिल्या सगळ्या फोटोंत मी वर न्या म्हणून सांगतोय.) हा डेमो करून कुणी थेट टेक्निकलची चौकशी करत असेल तर जो इन्स्ट्रक्टर "या की" म्हणतोय त्याचा नंबर तिथंच डिलीट करा. टीडीआय, पॅडी या कोर्सचं कार्ड देणाऱ्या संस्था. टीडीआयच्या डिकम्प्रेशन प्रोसिजर्स कोर्सला कागदावर किमान २५ लॉग्ड (लॉगबुकात नोंदलेले) डाइव्ह लागतात, पॅडीच्या टेक ४० ला ३०, पण हे आकडे म्हणजे नुसती फॉर्म भरायची पात्रता. शंभर डाइव्ह झालेला माणूससुद्धा पाण्यात एका जागी स्थिर राहत नाही, हात मारत बसतो. चांगला इन्स्ट्रक्टर आकडा विचारून सोडत नाही, तो तुमचं लॉगबुक बघतो आणि आधी एक साधा डाइव्ह सोबत मारू म्हणतो.

पाटी नका बघू, हात बघा

टीडीआय भारी का पॅडी भारी का जीयूई (ही आणखी एक संस्था) भारी, या वादात मी दोन महिने घालवले. काही उपयोग नाही झाला. स्टँडर्ड सगळ्यांचे लिहिलेले असतात, शिकवणार माणूस. मिरजेत सतार घ्यायला गेल्यावर आपण दुकानाची पाटी बघून पैसे देतो का, कारागिराच्या हातचं वाद्य वाजवून बघतो, तसंच इथं त्याचे आधीचे विद्यार्थी पाण्यात कसे दिसतात ते बघायचं. व्हिडिओ मागा. विद्यार्थी आडवे, शांत तरंगताना दिसले तर पुढं बोला, तळाशी गुडघे टेकून वाळू उडवत ड्रिल करताना दिसले तर धन्यवाद म्हणून ठेवून द्या फोन.

आणि एक गोष्ट लोक हमखास विसरतात. साधा स्कुबा इन्स्ट्रक्टर वेगळा आणि टेक इन्स्ट्रक्टर वेगळा, त्यातही प्रत्येक कोर्सची परवानगी वेगळी असते. त्याचा इन्स्ट्रक्टर नंबर घ्या, संस्थेला एक ई-मेल टाका की हा माणूस हा कोर्स शिकवायला सध्या ॲक्टिव्ह आहे का. नंबर मागितल्यावर ज्याला राग येतो त्याच्याबद्दल मी वेगळं काय सांगू. शिवाय विचारायचं, शिकवणं सोडून स्वतःसाठी शेवटचा खोल डाइव्ह कधी मारला होता, आणि मध्येच सोडून वर आलाय असा शेवटचा डाइव्ह कुठला. "असं कधी झालंच नाही" हे उत्तर आलं तर एकतर तो खोटं बोलतोय नाहीतर डाइव्हच मारत नाही.

"गॅरंटी" हा शब्द ऐकला की पळा

माझा पहिला इन्स्ट्रक्टर, नाव नको, फोनवर म्हणाला, "सर टेन्शनच घेऊ नका, चार दिवसांत कार्ड हातात, गॅरंटी." मला लय बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्यानं मला दोनच गोष्टी विचारल्या, टी-शर्टची साईज आणि ॲडव्हान्स कधी टाकताय. मी १० हजार तिथल्या तिथं पाठवले.

तिथं गेल्यावर सकाळी बोटीवर टाक्या चढवल्या. मी विचारलं यात मिक्स काय आहे, म्हणजे ऑक्सिजन किती टक्के. तो म्हणाला, "३२ असेल." असेल? टाकीवर पट्टी नाही, काही लिहिलेलं नाही, ॲनालायझर (ऑक्सिजन तपासायचं यंत्र) मागितला तर म्हणाला सेल गेलाय. आता हे "असेल" किती महागात पडू शकतं बघा. ३२ टक्के ऑक्सिजनचा नायट्रॉक्स (ऑक्सिजन वाढवलेली हवा) ऑक्सिजनच्या दाबाच्या १.४ बार या मर्यादेत साधारण ३३ मीटरपर्यंत चालतो, तेच टाकीत चुकून ४० टक्के भरलेलं असेल तर मर्यादा २५ मीटरवरच संपते. त्याखाली ऑक्सिजनच विषारी ठरू शकतो, पाण्यात झटका येतो, तोंडातनं रेग्युलेटर सुटतो आणि माणूस बुडतो, तेही टाकी भरलेली असताना. मी बोटीवरनं उतरलो. निम्मे पैसे परत मिळाले, निम्मे अजून "बघतो सर" मध्येच आहेत.

दुसऱ्या मॅडम भेटल्या त्यांनी फोनवरच पाऊण तास माझी उलटतपासणी घेतली. शेवटचे वीस डाइव्ह कुठं, सर्दी-सायनस आहे का, बीपीची गोळी चालू आहे का, आणि मुळात खोल जायचंय कशाला. शेवटच्या प्रश्नाला मला नीट उत्तर देता आलं नाही तर म्हणाल्या विचार करून सांगा, गडबड नाही. मग पूलमध्ये ट्विनसेट चढवून व्हॉल्व्ह ड्रिल करायला लावलं. पाठीवर दोन टाक्या, मानेमागं व्हॉल्व्ह, गळती सुरू झाली तर आपल्याच हातानं तो बंद करायचा. माझा हात पोचेचना. उजवा बोटं लावून परत येतोय, डावा तर कानापाशीच अडकला. त्या वर येऊन म्हणाल्या, "दादा, खांदे जाम आहेत तुमचे. दोन महिने स्ट्रेचिंग करा आणि मग या, आत्ता मी पैसे घेणार नाही."

पैसे घेणार नाही! तिथंच ठरवलं की कोर्स यांच्याकडंच करायचा. त्यांच्या प्रत्येक टाकीवर टेप होती, टक्के, मीटर, तारीख आणि ज्यानं तपासलं त्याची सही, आणि ती टेप मलाच ॲनालायझर लावून, आकडा बघून लिहायला लावायच्या.

घाटाचा प्रश्न

आपल्या भागातल्या लोकांसाठी हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तो कुणीच सांगत नाही. मॅडमनी विचारलं, "मालवणला डाइव्ह मारलात तर घरी कुठल्या घाटानं जाता?" मी म्हटलं फोंडा, कधी आंबोली. विमानाचा नियम सगळ्यांना माहीत असतो, एका साध्या डाइव्हनंतर विमानात बसायच्या आधी किमान १२ तास थांबायचं, बरेच डाइव्ह झाले तर १८, डेको डाइव्ह (वर येताना थांबे घ्यावेच लागतात असा) असेल तर त्याहून बरंच जास्त, म्हणून लोक सरसकट २४ धरतात. पण हे सगळं उंचीमुळं असतंय, विमानामुळं नाही, आणि हे आकडे साधारण ६०० मीटरच्या वरच्या उंचीला लागू धरतात. आंबोली जवळपास ६९० मीटरवर. सातारकरांचं तर घरच सातशेच्या आसपास. दुपारी डेको डाइव्ह मारून संध्याकाळी गाडी काढली की दोन तासांत तुम्ही त्या उंचीवर, आणि सांधे दुखायला लागले तर आपण म्हणणार गाडी चालवून अंग धरलं. एक रात्र खाली मुक्काम करा, माशाचं जेवण होतंय तेवढंच. हा प्रश्न जो इन्स्ट्रक्टर आपणहून विचारतो त्याला आपली काळजी आहे असं समजा.

तसंच विचारा की काही झालं तर जवळचा रिकम्प्रेशन चेंबर (बेंड्सवर उपचार करायची दाबाची खोली) कुठं. मुंबईत नौदलाच्या अश्विनी हॉस्पिटलला आहे, अंदमानात पोर्ट ब्लेअरला (आताचं श्री विजयपुरम) धन्वंतरीला. इन्स्ट्रक्टरला हे पाठ पाहिजे, गुगल करून सांगायला लागला तर अवघड आहे.

पैशाचं थोडक्यात

घासाघीस करू नका असं नाही म्हणत मी, पण आकड्यात गॅस, टाक्या, बोट, स्टेज सिलिंडर (सोबत न्यायच्या जादा टाक्या) धरलंय का ते लिहून घ्या. ट्रायमिक्सला (खूप खोल जायला वापरतात तो गॅस) हेलियम लागतो, तो महाग असतोय आणि बहुतेक वेळा वेगळा लावतात. पहिल्याच दिवशी लाखभराचं सामान गळ्यात मारणारा असेल तर सावध, भाड्याच्या सामानावर कोर्स होतो.

पैसे भरून बसलोय, आता शंका येतीय

घाबरू नका. फी ही शिकवण्याची असते, कार्डाची नाही, आणि पैसे गेले म्हणून पाण्यात उतरलंच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही. कोर्स मध्येच सोडता येतो, झालेल्या भागाचं लेखी मागा, दुसरा इन्स्ट्रक्टर तुम्हाला तपासून किती धरायचं ते ठरवेल. टाक्या न तपासणं, ठरल्यापेक्षा खोल नेणं असले प्रकार असतील तर संस्थेकडं तक्रार करा, तारीख आणि लॉगसकट. आणि पाण्यात असताना नको वाटलं तर अंगठा वर. कारण सांगायला लागत नाही, कुणी वाद घालत नाही, सगळ्यांनी फिरायचं. इन्स्ट्रक्टरनं नंतर "घाबरलात का" म्हणून हसण्यावारी नेलं तर दुसऱ्या दिवशी जाऊच नका.

माझं सध्या स्ट्रेचिंग चालू आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडची किनारपट्टी तशीही डायव्हिंगला बंद असते. रोज सकाळी गच्चीवर दोन्ही हात मानेमागं नेऊन खटपट करत असतो, परवा आई बघून म्हणाली, "पाठ खाजतीय का, मी खाजवू?" उजवा हात आता व्हॉल्व्हपर्यंत जातोय. डावा अजून दोन बोटं कमी पडतोय.