मॉड्युलर एसएमपीएसच्या केबल मिसळू देऊ नका

एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरच्या भागांना वीज पुरवणारा डबा. मॉड्युलर, म्हणजे सुट्या केबलच्या एसएमपीएसला लागतील तेवढ्याच केबल जोडायच्या, त्यामुळे कॅबिनेटमध्ये गुंता होत नाही. पण उरलेल्या केबल ड्रॉवरमध्ये पडतात आणि पुढे कोणती कशाची, ते कळत नाही.

१. उरलेल्या केबल एका पिशवीत भरून वर मार्करने एसएमपीएसचं पूर्ण मॉडेल लिहा.
२. एसएमपीएस बदलताना जुन्या केबलही काढा, मागच्या बाजूने कितीही नीट बांधलेल्या असल्या तरी. नव्यासोबत आलेल्याच लावा.

हे टाळू नकाच. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळी असते. केबल चपखल बसते, पण ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले, की हार्ड डिस्क जळू शकते.