जँगोच्या साईटमधे लीफलेट किंवा कुठलीही बाहेरची जावास्क्रिप्ट लायब्ररी कशी जोडायची

इंदुरात मराठी मंडळांच्या साईट्स बनवणाऱ्या पोरापोरींकडून एक प्रश्न सारखा येतो, की लायब्ररीच्या डेमो पानावर सगळं मस्त चालतं आणि तेच आपल्या टेम्प्लेटमधे टाकलं की पान कोरं. मग लायब्ररी बदलतात, दुसरीचंही तेच होतं. दोष लायब्ररीत क्वचितच असतो. जँगो (पायथॉनमधलं वेब फ्रेमवर्क) सर्वरवर पान तयार करतो, पाठवतो, त्याचं काम संपलं. लायब्ररी त्यानंतर ब्राउझरमधे जागी होते आणि तिला तुमचं व्ह्यू (पान बनवणारा कोड), मॉडेल (डेटाबेसचा आराखडा), काहीही दिसत नाही, पानात जे भरून पाठवलंय तेवढंच तिचं. हे डोक्यात पक्कं बसलं की निम्म्या अडचणी आपोआप कळतात.

उदाहरण नकाशाचं घेऊ. राजवाडा, लालबाग, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या ही ठिकाणं डेटाबेसमधे आहेत आणि नकाशावर त्यांच्या खुणा हव्यात. नकाशे दाखवणारी लीफलेट लायब्ररी घ्या, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, जेक्वेरी लागत नाही.

आधी फाईली. सीडीएनची, म्हणजे दुसऱ्याच्या सर्वरवरून फाईल आणणारी, लिंक टाकणं सोपं आहे पण माझं मत विचाराल तर फाईली डाउनलोड करून प्रोजेक्टमधेच ठेवा, स्टॅटिकमधे (सीएसएस, जेएस, चित्रं ठेवायची जागा) व्हेंडर म्हणून फोल्डर, त्यात लायब्ररीचं नाव आणि व्हर्जन नंबर, म्हणजे दोन वर्षांनी दुसऱ्या कोणी बघितलं तरी काय लावलंय ते कळेल. २०२४ च्या जूनमधे पॉलीफिल डॉट आयओचं प्रकरण झालं ते आठवत असेल, डोमेन नव्या मालकाकडे गेलं आणि ज्या साईट्सनी तिथून स्क्रिप्ट घेतली होती त्यांच्या पानांत घातक कोड जायला लागला, त्या साईटवाल्यांनी स्वतः एक ओळही बदलली नव्हती. सीडीएनच वापरायचं असेल तर नेमकं व्हर्जन लिहा आणि स्क्रिप्ट टॅगला इंटेग्रिटीचा हॅश (फाईलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) आणि क्रॉसओरिजिन दोन्ही लावा, फाईल एका अक्षरानं जरी बदलली तर ब्राउझर ती चालवणारच नाही.

टेम्प्लेटमधे पाथ हातानं लिहू नका, स्टॅटिक टॅगच वापरा. तुमच्या लॅपटॉपवर हातानं लिहिलेला पाथ चालेल, पण डीबग फॉल्स केलं की (साईट लोकांसाठी लावताना ते करावंच लागतं) जँगोचा रनसर्वर स्टॅटिक फाईली देणं बंद करतो, तिथे कलेक्टस्टॅटिक कमांडनं फाईली एका जागी गोळा करून एनजिनएक्स किंवा व्हाइटनॉइजकडून त्या द्याव्या लागतात. आणि जँगोचं मॅनिफेस्ट स्टोरेज लावलं असेल तर प्रत्येक फाईलच्या नावात हॅश जोडला जातो. इथेच लीफलेटची एक फेमस गडबड होते, नकाशा दिसतो पण खुणेच्या जागी तुटलेलं चित्र. कारण असं की लीफलेट खुणेच्या चित्राचा पाथ सीएसएसवरून ओळखतो आणि नावात हॅश आला की त्याला तो सापडत नाही. उपाय म्हणजे आयकन स्वतः बनवा, चित्राची यूआरएल द्या, मूळ चित्राचा आकार २५ बाय ४१ आहे आणि टोक १२, ४१ वर. पण ही यूआरएल आणायची कुठून? स्टॅटिक टॅग टेम्प्लेटमधेच चालतो, वेगळ्या जेएस फाईलमधे नाही, म्हणून ती नकाशाच्या डिव्हवर डेटा अॅट्रिब्यूटमधे ठेवा आणि जेएसमधून तिथून वाचा.

आता डेटा, सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. स्क्रिप्टच्या मधे दुहेरी महिरपी कंस टाकून एकेक व्हॅल्यू छापू नका. खास चिन्हं आपोआप बदलणारा जँगोचा ऑटोएस्केप अवतरणचिन्हांची वाट लावतो, मग कोणीतरी ते बदलणं थांबवणारा सेफ फिल्टर लावतो आणि साईटला भोक पडतं. जँगो २.१ पासून जेसन-स्क्रिप्ट फिल्टर आहे, व्ह्यूमधे साध्या डिक्शनऱ्यांची लिस्ट बनवा, फिल्टरला आयडी द्या, जेएसमधे त्या आयडीचा मजकूर जेसन पार्स करा, झालं. पान सोर्समधे बघाल तर राजवाड्याच्या जागी यू आणि आकडे दिसतील, घाबरू नका, पार्स झाल्यावर देवनागरी जशीच्या तशी येते. मात्र डेसिमल फील्ड असेल तर आकडा स्ट्रिंग बनून येतो, त्यात काही मिळवायला गेलात की बेरीज न होता आकडे एकमेकांना चिकटतात, म्हणून व्ह्यूमधेच फ्लोट करून पाठवा.

अक्षांश आधी की रेखांश हे पण बघा. लीफलेटला आधी अक्षांश लागतो, जिओजेसनमधे (ठिकाणांचा डेटा लिहायची एक पद्धत) आधी रेखांश असतो. इंदूर साधारण २२.७२ आणि ७५.८६ वर आहे, उलटं दिलंत तर खूण नॉर्वेच्या वर बॅरेंट्स समुद्रात पडते आणि स्क्रीन नुसती निळी.

पॉपअपमधे लोकांनी भरलेली नावं दाखवणार असाल तर जपून, कारण पॉपअपला दिलेली स्ट्रिंग एचटीएमएल म्हणून घेतली जाते. जेसन-स्क्रिप्टनं पान वाचवलं तरी इथे ते संरक्षण पोचत नाही. एक एलिमेंट बनवा, नाव टेक्स्टकंटेंटमधे टाका आणि ते एलिमेंट पॉपअपला द्या.

स्क्रिप्टचा क्रम: लायब्ररी आधी, तुमची फाईल नंतर, दोघींना डिफर, मग पान वाचून झाल्यावर त्या लिहिल्या क्रमानंच चालतात. नकाशाच्या डिव्हला सीएसएसमधे उंची द्या, नाहीतर उंची शून्य आणि एरर पण येत नाही. बंद टॅबमधे नकाशा असेल तर टॅब उघडल्यावर लीफलेटचं इनव्हॅलिडेटसाईझ बोलवा, म्हणजे तो आकार पुन्हा मोजेल. ओपनस्ट्रीटमॅपच्या टाइल्स (नकाशाची चौकोनी चित्रं) घेतल्या तर कोपऱ्यातलं त्यांचं नाव काढू नका, तो डेटा लोकांनी मेहनतीनं भरलाय आणि नाव दाखवणं ही त्यांची अटच आहे.

नकाशावर क्लिक करून नवं ठिकाण सेव्ह करायचं असेल तर जेएसमधली फेच विनंती ४०३, म्हणजे परवानगी नाही, असा एरर देईल. जँगो इथे सीएसआरएफ, म्हणजे दुसऱ्या साईटवरून तुमच्या नावानं येणारी खोटी विनंती, अडवतो; लगेच व्ह्यूवर ती तपासणी बंद करणारं सीएसआरएफ एक्झेम्प्ट चिकटवू नका, प्लीज. सीएसआरएफटोकन कुकीतून टोकन वाचा आणि एक्स-सीएसआरएफटोकन हेडरमधे पाठवा. पानात कुठेही फॉर्म नसेल तर ती कुकी कधीकधी येतच नाही, मग व्ह्यूला एन्शुअर सीएसआरएफ कुकी डेकोरेटर लावा.

दुसरं फ्रेमवर्क वापरत असाल तर, लाराव्हेलवाल्यांना डेटा पानात भरायचं काम ब्लेड टेम्प्लेटमधल्या जेएस-फ्रॉमनं करता येतं. रेल्समधे टर्बो असेल तर लिंकवर क्लिक केल्यावर पान पूर्ण रीलोड होत नाही, म्हणून डॉम कंटेंट लोडेडवर लावलेला नकाशा पहिल्या पानावर येतो आणि पुढे गायब. तिथे टर्बो लोड इव्हेंट पकडा आणि पान सोडताना जुना नकाशा रिमूव्ह करा.