टाइमलाइनवरील ग्रिड, स्नॅप आणि झूम : भजन आणि मिरवणुकीच्या संपादनासाठी

बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरातील भजनी मंडळांचे कार्यक्रम, शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आणि गावोगावची साहित्य संमेलने यांचे चित्रीकरण आता बहुधा गावातीलच तरुण करतात आणि संपादनही तेच करतात. या कामात सर्वाधिक वेळ क्लिप नेमक्या जागी बसवण्यात जातो. तो वाचवायचा असेल तर स्नॅप केव्हा चालू ठेवावे, केव्हा बंद करावे आणि त्या वेळी टाइमलाइन (क्लिप वेळेच्या क्रमाने मांडलेली पट्टी) किती मोठी करून पाहावी, हे तिन्ही निर्णय एकत्र घ्यावे लागतात.

स्नॅप चालू असताना ओढत नेलेली क्लिप जवळच्या एखाद्या खुणेला आपोआप चिकटते. ती खूण ग्रिडची (ठरावीक अंतरांवर आखलेल्या उभ्या रेघांची) रेघ असेल, शेजारच्या क्लिपची कड असेल, प्लेहेड (सध्याची जागा दाखवणारी रेघ) असेल किंवा आपण लावलेला मार्कर (खुणेचा झेंडा) असेल. संपादनाच्या सॉफ्टवेअरांपैकी दाविंची रिझॉल्व्हमध्ये ‘एन’, प्रीमिअर प्रोमध्ये ‘एस’ आणि ध्वनिसंपादनाच्या रीपरमध्ये ‘आल्ट’सह ‘एस’ दाबून स्नॅप चालू-बंद होते. रीपरमध्ये क्लिप ओढताना ‘शिफ्ट’ दाबून धरले तर स्नॅप तेवढ्यापुरते थांबते. आपल्या सॉफ्टवेअरमधील स्नॅपची कळ बोटांना सवयीची व्हायला हवी, कारण एकाच अभंगाच्या संपादनात तिची गरज अनेकदा पडते.

क्लिप किती अंतरावरून चिकटायची, हे साधारणपणे पडद्यावरील पिक्सेलांवर ठरते, सेकंदांवर नाही. एक तासाचे कीर्तन १,८०० पिक्सेल रुंदीच्या टाइमलाइनवर पूर्ण दिसत असेल, तर एक पिक्सेल म्हणजे दोन सेकंद होतात आणि पाच पिक्सेलांवरून चिकटलेली क्लिप प्रत्यक्षात दहा सेकंद सरकलेली असते. त्याच रुंदीत फक्त दहा सेकंद दिसत असतील, तर एक पिक्सेल साडेपाच मिलिसेकंदांच्या आसपास येतो. म्हणून आधी संपूर्ण टाइमलाइन पाहून जागा शोधावी, प्लेहेड तिथे न्यावा, मग झूम वाढवावे आणि त्यानंतरच क्लिपला हात लावावा. पूर्ण टाइमलाइन पुन्हा पडद्यात बसवण्यासाठी रिझॉल्व्हमध्ये ‘शिफ्ट’सह ‘झेड’ आणि ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कंट्रोल’सह ‘एफ’ आहे. ऑडॅसिटीत निवडलेला भाग मोठा करून पाहण्यासाठी ‘कंट्रोल’सह ‘ई’ दाबावे. उभ्या दिशेने झूम केल्यावर लहरी उंच दिसतात, पण त्यामुळे आवाज वाढत नाही, हे नवशिक्यांनी ध्यानात ठेवावे.

मात्रांच्या ग्रिडबद्दल माझे मत स्पष्ट आहे : क्लिक (यंत्राचा समान लयीतला ठोका) ऐकत ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यालाच ते लावावे. आपल्याकडील भजनात लय वाढत जाते आणि तेच त्याचे सौंदर्य आहे. मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत आठ मात्रांच्या ठेक्याचे एक आवर्तन सहा सेकंदांचे असते. लय ९६ वर गेली की तेच आवर्तन पाच सेकंदांत पुरे होते. सुरुवातीच्या लयीवर आखलेले ग्रिड तोवर पखवाजाच्या थापांपासून पार सुटलेले असते, आणि अशा वेळी स्नॅप चालू ठेवून केलेला प्रत्येक काप चुकीच्या ठिकाणी पडतो. त्याऐवजी ग्रिडला चिकटणे बंद करावे, ध्वनी ऐकत प्रत्येक समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) मार्कर लावावा, झूम वाढवून तो मार्कर थापेच्या लहरीच्या अगदी सुरुवातीला आणावा आणि मग फक्त मार्करांना चिकटणारे स्नॅप वापरावे. हे काम वेळखाऊ आहे, पण दोन कॅमेऱ्यांतील दृश्ये समेवर बदलली की भजनाची लय डोळ्यांनाही कळते.

क्लिपची कड आणि थाप एकाच जागी नसतात, ही आणखी एक अडचण आहे. थापेपूर्वी थोडी शांतता उरली असेल, तर कड मार्करला चिकटते आणि थाप मात्र मागाहून येते. थापेपर्यंतचा भाग कापून टाकावा. आधीचा श्वास किंवा टाळांचा नाद राखायचा असेल, तर रीपरमधील स्नॅप ऑफसेट (क्लिपच्या आत ठरवता येणारा चिकटण्याचा बिंदू) थापेवर ठेवावा, म्हणजे कडेऐवजी तो बिंदू चिकटतो.

चित्रासोबत स्वतंत्र ध्वनिमुद्रण जोडताना फ्रेमचे ग्रिड अपुरे पडते. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते आणि सेकंदाला ४८,००० सॅम्पल (ध्वनीचे मोजलेले सूक्ष्म नमुने) असलेल्या ध्वनीत तेवढ्या वेळात १,९२० सॅम्पल मावतात. जुळवणीसाठी कॅमेऱ्यासमोर वाजवलेल्या टाळीचा आवाज त्यांतील कोठेही असू शकतो. आधी स्नॅप चालू ठेवून टाळीची फ्रेम जुळवावी, नंतर प्रीमिअरमध्ये ऑडिओ टाइम युनिट्स (फ्रेमऐवजी ध्वनीच्या एककांत वेळ दाखवणारा पर्याय) चालू करून किंवा रिझॉल्व्हमध्ये फेअरलाइट हे ध्वनिसंपादनाचे पान उघडून ध्वनी फ्रेमपेक्षा बारीक सरकवावा. मिरवणूक एखाद्या गच्चीवरून टिपली असेल आणि ढोल ३० मीटरवर असेल, तर त्याचा आवाज कॅमेऱ्यापर्यंत पोहोचायला सुमारे ८७ मिलिसेकंद लागतात. हा फरक दोन फ्रेमांहून अधिक असल्याने, खाली ढोलाजवळ केलेले ध्वनिमुद्रण कॅमेऱ्यातील आवाजाशी न जुळवता टिपरू पडतानाच्या दृश्याशी जुळवावे.

मोबाइलवरील चित्रीकरणाचा फ्रेम दर बहुतेकदा बदलता असतो, त्यामुळे ते आधी स्थिर दरात रूपांतरित करून घ्यावे. इतके करूनही दोन उपकरणांची घड्याळे तंतोतंत सारखी चालत नाहीत, म्हणून आरंभी जुळलेला ध्वनी शेवटी जुळतो का, हे झूम वाढवून तपासावे. फरक आढळला तर दोन अभंगांमधील शांत जागी ध्वनीची क्लिप कापावी, स्नॅप बंद करून पुढचा तुकडा दृश्याशी पुन्हा जुळवावा आणि सांध्यावर छोटा क्रॉसफेड (एक ध्वनी विरत असताना दुसरा चढत जाणे) द्यावा.