ट्रेलर प्लगला आहे, तरी बॅटरी उतरलेली? या चुका टाळा

अमेरिकेच्या उत्तर भागात राहणाऱ्या कॅम्परवाल्यांची (गाडीमागे जोडायचा, राहायची सोय असलेला ट्रेलर बाळगणाऱ्यांची) एप्रिल-मेमधली ठरलेली तक्रार: "हिवाळाभर ट्रेलर ड्राइव्हवेमध्ये प्लगला लावून ठेवला होता, तरी बॅटरी गेलीच कशी?" प्लग लावला होता हे खरं. पण करंट बॅटरीपर्यंत पोचतोय का, हे कुणी बघितलं होतं? भिंतीतल्या सॉकेटपासून बॅटरीच्या टर्मिनलपर्यंतची वाट लांब आहे आणि ती मध्ये कुठेही तुटते. ट्रेलरमधले दिवे लागतात यावरून काहीच कळत नाही, कारण प्लगला असताना दिवे कन्व्हर्टरवर, म्हणजे घरच्या १२० व्होल्टचे १२ व्होल्ट करून दिवे आणि बॅटरीला देणाऱ्या यंत्रावर चालतात. बॅटरी मेलेली असली तरी ते लख्ख लागतात.

म्हणून आधी मल्टिमीटर घ्या. प्लग लावलेला असताना बॅटरीच्या टर्मिनलवर १३ व्होल्टच्या वर आकडा दिसला पाहिजे. कन्व्हर्टर कोणत्या टप्प्यावर आहे त्यानुसार १३.२ ते १४.४. तिथे १२.४ दिसतोय आणि दुसऱ्या दिवशी आणखी खाली गेलाय, तर चार्जिंग होतच नाही. मग शोध भिंतीपासून सुरू करायचा.

भिंत आणि वायर

गॅरेजमधलं किंवा घराबाहेरचं सॉकेट बहुधा जीएफसीआयवर (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचवर) असतं. पाऊस झाला, कॉर्डच्या जोडात ओल गेली की ते गुपचूप ट्रिप होतं. ट्रेलर त्या क्षणापासून बॅटरीवर चालू लागतो आणि तुम्हाला पत्ता लागतो महिन्याने. पुन्हा पुन्हा ट्रिप होत असेल तर ट्रेलरचे ब्रेकर एकेक बंद करून बघा. वॉटर हीटरची टाकी रिकामी असताना हीटर विजेवर चालू राहिला आणि कॉइल जळली, हे यामागचं नेहमीचं कारण. ब्रेकर सगळे बंद करूनही ट्रिप होत असेल तर कॉर्ड आणि ॲडॅप्टर तपासा.

दिवाळीच्या माळांसाठी घेतलेली बारीक एक्स्टेन्शन कॉर्ड इथे वापरू नका. वायरचा गेज आकडा जितका कमी तितकी वायर जाड. १५ अँपिअरच्या सॉकेटवरून ५० फुटांपर्यंत १२ गेज ठीक, त्याहून लांब असेल तर १० गेज. आणि अशा सॉकेटवर बॅटरी चार्ज करा, एसी लावू नका. प्लग हाताला गरम लागला तर लगेच काढा.

घरी ३० अँपिअरचं वेगळं सॉकेट बसवून घेणाऱ्यांसाठी एक इशारा. ट्रेलरचं तीन पिनांचं ३० अँपिअरचं सॉकेट १२० व्होल्टचं असतं. ड्रायरचं ३० अँपिअरचं सॉकेट २४० व्होल्टचं. "३० अँपिअर" एवढंच ऐकून इलेक्ट्रिशियनने २४० जोडून दिले, की कन्व्हर्टर, मायक्रोवेव्ह, टीव्ही एका झटक्यात गेले. ट्रेलर जोडण्याआधी मीटर लावून १२० व्होल्ट दिसतात ना, हे स्वतः बघा.

काळी वायर म्हणजे निगेटिव्ह नव्हे

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. गाडीची बॅटरी बदलायची सवय असलेला माणूस लाल पॉझिटिव्ह, काळी निगेटिव्ह हे डोक्यात धरून ट्रेलरकडे येतो. पण अनेक ट्रेलरांत बॅटरीला येणारी काळी वायर पॉझिटिव्ह आणि पांढरी निगेटिव्ह असते. जुनी बॅटरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, टर्मिनलला रंगीत टेप लावा.

उलटी जोडलीच, तर कन्व्हर्टरला वाचवायला फ्यूज पॅनेलवर रिव्हर्स पोलॅरिटीचे फ्यूज असतात. बहुधा दोन, शेजारी शेजारी, ३० किंवा ४० अँपिअरचे. ते उडतात. मग वायर नीट जोडली, प्लग लावला, दिवे लागले, म्हणून माणूस निश्चिंत होतो आणि बॅटरी मात्र चार्ज होत नाही. बरेच लोक या टप्प्यावर नवा कन्व्हर्टर मागवतात. आधी प्लग काढा, बॅटरीची वायर सोडवा आणि ते दोन फ्यूज बदलून बघा.

याहून साधी चूक म्हणजे बॅटरी डिस्कनेक्ट स्विच. अनेक ट्रेलरांत तो बंद असला की कन्व्हर्टरचा करंटही बॅटरीला मिळत नाही. हिवाळ्यात "सगळं बंद करून, प्लग लावून ठेवलं" म्हणणाऱ्यांनी नेमकं हेच केलेलं असतं.

सतत प्लगला ठेवणं

आता उलटी बाजू. जुने कन्व्हर्टर एकाच, १३.६ च्या आसपासच्या व्होल्टेजवर अडून राहतात. महिनोन्‌महिने तसं ठेवलं की बॅटरीतलं पाणी हळूहळू उडून जातं. नवे कन्व्हर्टर टप्प्याटप्प्याने उतरून १३.२ वर येतात, तिथे धोका कमी. तरी पाणी बघावंच लागतं. लोडशेडिंगच्या काळात घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घातलेल्यांना हे काम नवं नाही. फरक एवढाच की इथे पातळी दाखवणारी तरंगती दांडी सहसा नसते, झाकणं उघडून टॉर्चने बघावं लागतं. नळाचं पाणी नको. चार्जिंग पूर्ण झाल्यावर भरा, कारण चार्ज होताना पातळी वर येते. मात्र प्लेट्स उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील इतकंच घाला आणि मग चार्ज करा. चष्मा, हातमोजे घाला. आत हायड्रोजन असतो, ठिणगी नको.

कुजक्या अंड्याचा वास आला तर आधी गॅसच समजा: सिलिंडर बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर या. नंतर लक्षात आलं की बॅटरी तापली आहे, तर दोष तिच्यातला सेल जाण्याचा किंवा जादा चार्जिंगचा. ती बॅटरी बदलायचीच.

प्लगविना उभा ट्रेलर

स्टोरेजमध्ये वीज नसेल तर गॅस डिटेक्टर, स्टिरिओ असं थोडं थोडं खातच असतं. नुसता डिटेक्टर साधारण ०.१ अँपिअर घेतो, म्हणजे दिवसाला २.४ अँपिअर-तास. ८० अँपिअर-तासांची बॅटरी दोन-अडीच आठवड्यांत निम्मी. ट्रेलर सुटला तर ब्रेक लावणारी ब्रेकअवेची पिन काही जण पार्किंग ब्रेक समजून ओढून ठेवतात. चार चाकांचे ब्रेक मिळून १२ अँपिअरच्या आसपास घेतात. एका रात्रीत बॅटरी रिकामी. ही पिन आणि विजेवर चालणारा जॅक बरेचदा डिस्कनेक्ट स्विच टाळून थेट बॅटरीला जोडलेले असतात, तेव्हा त्या स्विचवर विसंबू नका. छपराखाली उभ्या ट्रेलरवरच्या सोलर पॅनेलवरही नको.

बॅटरीच्या वायर सोडवून ती काही तास तशीच ठेवा आणि मग व्होल्टेज मोजा. १२.६ च्या वर म्हणजे भरलेली, १२.१ च्या आसपास म्हणजे निम्मी. त्याखाली पडून राहिली की प्लेट्सवर सल्फेट घट्ट बसतं, मग कितीही चार्ज करा, पूर्वीची ताकद येत नाही. थंडीत आणखी एक संकट: भरलेली बॅटरी उणे ५० सेल्सिअसलाही गोठत नाही, पूर्ण उतरलेली उणे ७ च्या आसपास गोठते आणि फुटते. मिनेसोटात किंवा मिशिगनमध्ये जानेवारीत हे तापमान रोजचं. बॅटरी काढून गॅरेजमध्ये आणा, महिन्यातून एकदा चार्ज करा. गोठलेली बॅटरी मात्र चार्जरला लावू नका.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी टाकलेल्यांचं गणित वेगळं. ती भरून प्लगला ठेवायची गरज नाही, निम्म्या चार्जवर सोडवून ठेवलेली बरी. शून्य सेल्सिअसच्या खाली चार्ज केली तर ती आतून खराब होते. हीटर असलेली बॅटरी नसेल तर थंडीत कन्व्हर्टर तिला जोडून ठेवू नका. आणि कन्व्हर्टर जुनाच असेल तर ती पूर्ण भरायला फार वेळ लावते किंवा भरतच नाही. बॅटरी घेताना कन्व्हर्टरवर लिथियमचं सेटिंग आहे का, हे आधी बघा.