जुना साधा हॅमबर्गर घरी करताय? या चुका टाळा

वर्षातून दोन-तीनदा तरी कुणीतरी मला विचारतंच, "अगं, आपल्या लहानपणचा तो साधा हॅमबर्गर घरी का जमत नाही?" मी एवढंच विचारते, की पॅटी केवढी केली होतीस? उत्तर ठरलेलं असतं. दीडशे ग्रॅम, नाहीतर दोनशे. मग पुढचं काही ऐकायची गरजच उरत नाही.

मी बारा वर्षांची असताना आम्ही अमेरिकेतल्या ओहायोत राहायला गेलो. सोळाव्या वर्षी, १९७४ च्या उन्हाळ्यात, मी तिथल्या एका छोट्या हॅमबर्गरच्या टपरीवर तव्यापाशी उभी राहून काम केलं. आई पक्की शाकाहारी, त्यामुळे घरी आल्यावर आधी अंघोळ, मगच स्वयंपाकघरात पाऊल. त्या तीन महिन्यांत जे हाताला लागलं, त्याच्या जोरावर हे लिहितेय.

जाड पॅटी

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि मीही ती केलीय. दादाच्या साठीला मी ठरवलं, की शनिवारी शेजाऱ्यांच्या हिरवळी कापून मिळालेल्या पैशांत आम्ही दोघं जो बर्गर खायचो, तोच त्याला करून घालायचा. खाटकाकडून महागातलं मांस आणलं, दोनशे ग्रॅमच्या पॅटी थापल्या, लोण्याचा ब्रियोश पाव, मुरवलेलं चेडर, लेट्यूस, टोमॅटो. दादानं अर्धा खाल्ला, हात पुसले आणि म्हणाला, "झालंय छान. पण हे तू आपलं म्हणून केलंस का?"

खरं तर मला माहीत असायला हवं होतं. टपरीवर एका पौंडात दहा पॅटी बसायच्या, म्हणजे एक जेमतेम ४५ ग्रॅमची. हे काही आमच्याच मालकाचं गणित नव्हतं. मॅकडोनल्ड बंधूंनी १९४८ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोमध्ये १५ सेंटांचा हॅमबर्गर विकायला सुरुवात केली, तोही याच वजनाचा. त्याआधी १९२१ मध्ये कॅन्ससमधल्या विचिटात निघालेल्या व्हाइट कॅसल या बर्गरच्या दुकानांच्या साखळीचा पाच सेंटांचा चौकोनी बर्गर तर त्याहून लहान. एकानं पोट भरत नसे, म्हणून लोक पिशवी भरून न्यायचे. आपण मोठे झालो तसा आठवणीतला बर्गरही मोठा होत गेला, इतकंच. या बर्गरमध्ये मांस, पाव, कांदा आणि काकडीचं आंबट लोणचं एकाच घासात आले पाहिजेत. पॅटी जाड झाली की तोंडात फक्त मांस येतं, बाकीचे हरवतात.

तेव्हा वजनकाटा काढा. अंदाजपंचे थापू नका. मी ४५ ग्रॅमचे गोळे करून फ्रिजमध्ये ठेवते आणि थंडगारच तव्यावर टाकते.

खिम्यात काहीबाही कालवणं

आलं-लसूण, अंडं, पावाचा चुरा, गरम मसाला. आपल्या लोकांचा हात शिवशिवतोच. जे होतं त्याला कबाब म्हणा, मी आवडीनं खाईन. पण तो हॅमबर्गर नाही. नुसतं मीठ कालवलं तरी बिघडतं. मिठामुळे मांसातली प्रथिनं सुटून एकमेकांना घट्ट धरतात, आणि पॅटी सॉसेजसारखी चिवट, रबरी होते. खिमा मळायचा नाही. सैल हातानं गोळा करायचा, आणि मीठ तव्यावर टाकल्यावर वरून.

कांदा मात्र हवाच, पण तो तव्यावर. ओक्लाहोमातल्या एल रीनो गावात १९२० च्या दशकात मांस पुरवून पुरवून वापरायची वेळ आली, तेव्हा खाणावळवाल्यांनी कागदासारखा पातळ कापलेला कांदा मूठभर घेऊन मांसात दाबायला सुरुवात केली. कांदा स्वस्त, मांस महाग. आज तोच बर्गर लोक चवीसाठी लांबून खायला जातात. तुम्हीही दाबा. कांद्याच्या कडा काळपट झाल्या तरी घाबरू नका.

तवा न तापवता घाई करणं

नॉनस्टिक नको. बिडाचा जड तवा घ्या आणि चांगला धूर निघेपर्यंत तापवा. मांसाला तपकिरी खरपूस रंग येतो तो पृष्ठभाग साधारण १४० अंश सेल्सियसच्या पुढे गेल्यावर. तवा कोमट असला तर मांसातलं पाणी सुटतं आणि पॅटी स्वतःच्याच पाण्यात उकडते. नवशिक्यांना पाच मिनिटं थांबवत नाही, आणि मग ते मांसाला नावं ठेवतात.

गोळा टाकला की पहिल्या अर्ध्या मिनिटात उलथन्यानं जोर लावून चपटा करा. तेव्हा चरबी थंड असते, ती जागची हलत नाही. एकदा का ती वितळली, की प्रत्येक दाबाबरोबर रस बाहेर येतो. लोक नेमकं उलटं करतात: आधी हळुवार ठेवतात आणि नंतर तो चर्र आवाज ऐकायला दाबत बसतात. मालकानं एकदाच माझ्या हातातलं उलथनं काढून घेतलं होतं, ते याच कारणासाठी.

आणि मधोमध गुलाबी ठेवायच्या फंदात पडू नका. स्टेकचे जंतू बाहेरच्या बाजूवर असतात, खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात. म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्यानं खिम्यासाठी आतलं तापमान ७१ अंश सांगितलंय. एवढ्या पातळ पॅटीला ते लगेच गाठता येतं.

कमी चरबीचं मांस

२० टक्के चरबी हवी. यावर माझ्याशी वाद घालू नका.

महागडा पाव

साधा, मऊ, किंचित गोड, पांढरा. ब्रियोश, बी लावलेला किंवा कुरकुरीत पाव मांसाच्या पुढे पुढे करतो.

प्रत्येकाला विचारत बसणं

"तुला काय घालू? कांदा चालेल का? चीज?" आठ पाहुण्यांना असं विचारेपर्यंत पहिल्या चार पॅटी गार होतात. स्वस्ताईचं मूळच मुळी न विचारण्यात होतं. मॅकडोनल्ड बंधूंनी गाडीपाशी ऑर्डर घ्यायला येणाऱ्या मुली काढल्या, काचेची भांडी काढली आणि सगळा मेनू नऊ पदार्थांवर आणला. सुरुवातीला तर फ्राइजसुद्धा नव्हत्या, चिप्स आणि पायचा तुकडा मिळायचा. बर्गर सगळ्यांना एकसारखा: केचप, मस्टर्ड, कांदा, लोणच्याच्या दोन चकत्या. मी आजही तेवढंच घालते. ज्याला कांदा नको त्यानं काढून ठेवावा.

जाता जाता, "तेव्हा जवळजवळ फुकटच मिळायचा" हेही म्हणू नका. १९४८ मध्ये अमेरिकेतलं कायद्यानं ठरलेलं किमान वेतन तासाला ४० सेंट होतं. म्हणजे १५ सेंटांच्या बर्गरसाठी बावीस मिनिटांहून जास्त राबावं लागे. १९५० मध्ये वेतन ७५ सेंट झालं, तेव्हा बारा मिनिटं. आम्हीही एकेक हिरवळ कापूनच खायचो.

कागदात न गुंडाळणं

ही चूक जवळजवळ सगळेच करतात. सगळं नीट जमवतात आणि बर्गर तव्यावरून थेट ताटात. मग म्हणतात, काहीतरी कमी आहे. काय कमी आहे? वाफ!

टपरीवर बर्गर झाला की मी मेणकागदात घट्ट गुंडाळून दिव्याखालच्या कट्ट्यावर सरकवायची. गिऱ्हाईक येईपर्यंत तो तिथे पडून असे. आत मांसाची वाफ पावात शिरायची, पाव दमट आणि किंचित आक्रसलेला व्हायचा, मस्टर्ड आणि लोणच्याचा आंबट वास कांद्यात मुरायचा. आठवणीतली चव आहे ती या गुंडाळलेल्या बर्गरची. फॉइल वापरू नका, त्यात पाणी साठून पावाचा लगदा होतो. बटर पेपर किंवा मेणकागद चालतो, आणि मी घड्याळ लावून तीन मिनिटं थांबते.

दादाच्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या खिम्याचे मी ४५ ग्रॅमचे गोळे केले, कोपऱ्यावरच्या दुकानातून साधे पाव आणले आणि सहा बर्गर गुंडाळून कट्ट्यावर ओळीनं ठेवले. तो चहाचा कप घेऊन आला. एक उचलला, कागदाची एकच घडी उघडली आणि नाक आत घालून कितीतरी वेळ नुसता वास घेत राहिला. मग उभ्यानंच चार खाल्ले. उरलेल्या दोनांपैकी एक त्यानं पुन्हा नीट गुंडाळून कोटाच्या खिशात घातला, विमानतळावर खायला.